नववं दार

"आठ मिनिटं झाली," घड्याळवाले काका म्हणाले. "दोन उरली."

पडद्यावर नववं दार उभं होतं. दारापुढे चौकोनी डोक्याचा, बोटाच्या पेराएवढा माणूस. टायपिस्टताईंची बोटं कंट्रोलरवर गारांसारखी पडत होती. उडी, ठोसा, वर, खाली, पुन्हा ठोसा. साऱ्या नोकरीभर टाइप करून कमावलेली बोटं ती. पहिली आठ दारं त्यांनी बघता बघता उघडली होती. नववं ढिम्म होतं.

घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागची ही खोली. फळ्यांवर जुने कन्सोल, आणि कधी बाजारातच न आलेल्या गेम्सची कार्ट्रिजेस, एकेक मऊ कापडात गुंडाळलेलं. दर रविवारी सकाळी तिघं इथं जमत. काका, टायपिस्टताई आणि एक बसचालक. कुठल्या गेमचा शेवट कुणी का बदलला, यावर चहा गार होईपर्यंत भांडत. पण हे राखाडी कार्ट्रिज वर्षातून एकदाच बाहेर निघायचं. त्याला लेबल नव्हतं, नुसता पेनाने लिहिलेला नऊचा आकडा. दुसरं असंच कुठे असेल, हे नऊ वर्षांत त्यांच्या कानावर आलं नव्हतं. काका त्याची नक्कलही काढू देत नसत. "उघडताना आत काही तुटलं तर तुम्ही देणार का मला दुसरं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

आणि दहा मिनिटांचा नियम. एकदा असंच एक दुर्मिळ कार्ट्रिज चालू ठेवून काका गिऱ्हाइकाशी बोलत बसले होते. कन्सोल तापला आणि ते कार्ट्रिज कायमचं मुकं झालं. तेव्हापासून दहा मिनिटं म्हणजे दहा. "साक्षात देव खेळायला बसला तरी अकरावं मिनिट नाही," असं ते म्हणत.

आज खोलीत चौथी खुर्ची होती. तिच्यावर हा गेम बनवणाऱ्या बाई बसल्या होत्या. बसचालकाने दोन वर्षं पत्रं पाठवून पाठवून त्यांना शोधून काढलं होतं. पांढरे केस, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आल्यापासून त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

"मावशी, आता तुम्हीच सोडवा," बसचालक म्हणाला. "आम्ही या दारावर सगळं करून पाहिलं. फक्त पाया पडायचं राहिलंय."

"हात काढा," मावशी म्हणाल्या.

"अं?" टायपिस्टताई थबकल्या.

"कंट्रोलर खाली ठेवा. कुणी काही दाबायचं नाही."

ताईंनी कंट्रोलर खाली ठेवला. त्यांची बोटं मांडीवर चुळबुळतच राहिली.

"किती वेळ?" काकांनी विचारलं.

"चार मिनिटं."

काकांचा चेहरा उतरला. या दारापर्यंत यायलाच आठ मिनिटं लागत. उरलेली दोन मिनिटं ठोसे मारण्यात जात. नऊ वर्षं त्यांच्याच नियमाने त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं.

दहावं मिनिट सरलं. चित्र थरथरलं. पडद्यावरून एक पांढरी रेघ सरकत गेली. काकांचा हात आपसूक स्विचकडे गेला.

"बाई, हे गेलं तर गेलंच. पुन्हा कुठे बघायला मिळणार नाही."

"मला माहीत नाही का?" मावशी हळूच म्हणाल्या. "माझ्याकडे तर एवढंही उरलं नाही. तरी थांबा."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतला. मनगटावरचं घड्याळ फिरवून तबकडी आतल्या बाजूला केली.

कथेकऱ्याने ओळ अर्ध्यावर सोडली की ऐकणारे जसे पुढे झुकतात, तसे तिघं पडद्याकडे झुकले. अकरावं मिनिट गेलं, बारावंही गेलं. पडद्यावरचा माणूस आपणहून खाली बसला. त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. हे त्याला येतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि दार उघडलं.

गाजावाजा नाही, गुणांचा पाऊस नाही. एकेक ठिपका बाजूला होत गेला आणि मागे आभाळ दिसायला लागलं. काळंभोर, खोल. त्यात एक तारा उमटला, त्याबरोबर एक सूर. दुसरा तारा, दुसरा सूर. मग इतके की मोजता येईनात. चारच रंग जाणणाऱ्या त्या म्हाताऱ्या यंत्रात एवढं आभाळ मावलं होतं. बसचालकाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. टायपिस्टताईंची बोटं पहिल्यांदाच स्वस्थ झाली. काकांनी नकळत हात जोडले होते.

काका मावशींकडे वळले. "असा गेम बाजारात का नाही आला?"

"कंपनीचे साहेब म्हणाले, काही न करणाऱ्याला कसलं बक्षीस? हे दार काढून टाक, नाहीतर गेम बंद." मावशींनी पर्सचा बंद चाचपला. "मी नाही काढलं."

"एवढी मेहनत पाण्यात?" टायपिस्टताईंना राहवेना. "एका दारासाठी?"

मावशींची नजर पडद्यावरून हलली नाही.

"माझ्या मुलीचं अंग मानेखाली हलत नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "आठ दारं मी उघडायचे. नववं रोज तीच उघडायची."