नलूचे मूकपट

तापात कान गेल्यापासून नलूला मूकपटांचं वेड लागलं होतं. तेही कुणाच्या लक्षातही न राहिलेल्या, चोर-दरोडेखोरांच्या मूकपटांचं. बोलपट आल्यावर तंबूत सिनेमे दाखवणाऱ्यांनी टाकून दिलेली रिळं तिने पार पाली गावापर्यंत हिंडून जमवली. चौलच्या घरी माजघरात हाताने यंत्र फिरवून ती भिंतीवर पुन्हा पुन्हा तेच खून, त्याच चोऱ्या बघत बसे.

एके दिवशी मुंबईहून एक व्यापारी आला. रिळं जाळून त्याला त्यांतली चांदी काढायची होती. नलूच्या समोरच तो तिच्या भावाला, अनंताला म्हणाला, "बहिरीला काय कळतंय? संग्रहालयात ठेवणार म्हणून सांगा."

अनंताने पाटीवर तसंच लिहून तिच्यापुढे धरलं. नलूने पाटी बाजूला सारली आणि ती माजघराच्या दारात हात आडवे लावून उभी राहिली.

"जाळायला एक रीळ उंबऱ्याबाहेर जाणार न्हाय!"

अनंताचा चेहरा पडला. "नले, तुला कसं समजलं?"

नलू त्याच्या तोंडाकडेच बघत होती.

"पडद्यावरच्या चोरांचे ओठ वाचण्यात जन्म गेला माझा, दादा. तुमी दोघं तर अगदीच कच्चे निघालात."