उभ्या गाड्या

शोरूममध्ये पाऊल टाकल्या टाकल्या बाप पहिल्याच स्कूटरसमोर उकिडवा बसला आणि पुढच्या चाकामागे हात घालून काहीतरी चाचपू लागला. अठरा वर्षांच्या लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, नवी आहे ती. नव्या गाडीत काय शोधताय?"

तो गुडघे झटकत उठला. सवय, दुसरं काय. अपघातात सापडलेल्या गाड्या तपासायच्या, किती वाकलं, किती मोडलं ते विमा कंपनीला लिहून द्यायचं, यात त्याचे केस पांढरे झाले होते. दुसऱ्या कुठल्याही बापाने आधी रंग पाहिला असता, मग किंमत विचारून तोंड वाकडं केलं असतं. याला मात्र समोरची एकही गाडी धड उभी दिसेना. कोपऱ्यातली पांढरी त्याने टँकरखालून ओढून काढलेली पाहिली होती. तिच्या शेजारची निळी पाहिली होती ती हँडल सीटला टेकलेली. लालवर तर नुसता एक ओरखडा होता, आणि तरीही चालवणारा उरला नव्हता. दुकानात दिवे झगझगत होते, कुठलासा सुगंध फवारलेला होता, आणि प्रत्येक गाडीमागे त्याला तिची पडलेली जुळी बहीण दिसत होती.

घरून निघताना बायकोने बजावलं होतं. पोरीने घोकून घोकून परीक्षा दिली, शिकाऊ परवाना मिळवला, क्लास गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि बसचा काही नेम नाही; तेव्हा तिथे जाऊन नकारघंटा वाजवू नका. तो वाजवणार नव्हता. तो घाबरला होता, एवढंच. आणि घाबरलेल्या माणसाची निवड चुकत नाही, असा त्याचा आपला एक समज होता.

सेल्समन उत्साही होता. वजनाला हलकी, सीट बुटकी, एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, शिकणाऱ्याला याहून चांगलं काय, असं तो सांगत राहिला. लेक निळीवर बसली. दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले तसा तिचा चेहरा खुलला. बाप म्हणाला, ही नको. लालही नको. पांढरीकडे तर त्याने वळूनही पाहिलं नाही. का नको ते काही सांगेना. शेवटी आरसे लहान आहेत, असं काहीतरी ठोकून दिलं. सेल्समनचं हसू आटत चाललं.

मग बापाला खांबाआड एक करडी स्कूटर दिसली. ढब्बी, धुळकट, कुणीतरी तिच्यावर माहितीपत्रकांचा गठ्ठा ठेवून दिलेला. तो तिच्याभोवती फिरला. काहीच आठवेना. पुन्हा फिरला, डोक्याला ताण दिला, तरी नाही. ही गाडी त्याच्यासमोर मोडून कधीच आली नव्हती. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

"हीच घेऊ," तो म्हणाला. "इतकी वर्षं हेच काम करतोय, पण हिला अपघात झालेला मी एकदाही पाहिला नाही."

"कसा पाहाल, साहेब?" सेल्समन अवघडून म्हणाला. "ही कोणी घेतच नाही. रस्त्यावर आहेच कुठे?"

बाप ओशाळला. एवढी साधी गोष्ट, शेंबड्या पोरालाही कळावी अशी. आणि ओशाळलेपणाच्या पाठोपाठ भीती होती तेवढीच्या तेवढी परत आली.

लेक आतापर्यंत रडकुंडीला आली होती. इतका वेळ बाप काय बघत होता, ते तिला आत्ता कळलं. ती जवळ आली.

"बाबा, ज्या तुमच्याकडे येत नाहीत, त्या सगळ्या संध्याकाळी घरीच जातात ना?"

तो हो म्हणाला. घरी गेलेल्या गाड्या बघायला त्याला कधी कोणी बोलावलं नव्हतं.

निळी ठरली. शोरूमच्या मागच्या अंगणात लेकीने हेल्मेट चढवून दोन फेऱ्या मारल्या, वळणावर जरा डगमगली, सावरली. त्याने ओठ चावून पाहिलं आणि चांगली चालवतेस म्हणाला. मग आत जाऊन कागदांवर सह्या केल्या.

तो बाहेर आला तेव्हा लेकीने सीट उचलून डिकी उघडली होती आणि आत काय काय मावतं ते ती पाहत होती. पाठीवरच्या पिशवीतून एकेक वस्तू काढून तिने आत रचली होती. घडीची छत्री, कंगवा, वाचनालयाचं पुस्तक, अर्धा संपलेला बिस्किटांचा पुडा.

मोडलेली गाडी भंगारात जाण्याआधी तिची डिकी रिकामी करायची आणि निघेल ते घरच्यांच्या हाती द्यायचं, हेही त्याच्याच कामात येई. छत्री आणि कंगवा बहुतेक डिक्यांत असे. बिस्किटं कधी नुसती चुरा झालेली असत, कधी जशीच्या तशी.

तो पुढे झाला. एकेक वस्तू बाहेर काढून फरशीवर ओळीने मांडू लागला. छत्री. पुस्तक. पुडा. शेवटी कंगवा हातात घेऊन तो उभा राहिला आणि हा कुणाच्या हाती द्यायचा, म्हणून भोवतालच्या माणसांकडे पाहू लागला.

"बाबा," लेक म्हणाली, "माझ्याकडे द्या. मी इथेच आहे."