समोरची खुर्ची

"एकाच घरातल्या दोघांना शेवटच्या फेरीत समोरासमोर बसवतात, काही ताळतंत्र?" दोरीमागे उभे असलेले बाबा आईच्या कानाशी पुटपुटले. "पोराचं लक्ष उडालं तर चषक गेलाच म्हणून समज."

कुणीही जिंकलं तरी चषक घरीच येणार होता. धाकटी सवयीनं काळ्या सोंगट्यांमागे जाऊन बसली होती. पंचांनी तिला उठवलं आणि पांढऱ्यांमागे बसवलं. घरी पांढऱ्या कायम दादाच्या. सराव त्याचा, ती आपली समोर बसायला.

घरी तिचा हात एका सोंगटीकडे जायचा, हवेतच थबकायचा आणि भलतीच सोंगटी उचलायचा. भाजी निवडता निवडता आईनं ते कितीदा तरी पाहिलं होतं.

आज हात थबकला नाही. तिनं वजीर उचलला आणि सरळ दादाच्या हत्तीच्या तोंडी दिला.

"घालवलान फुकट," बाबांनी सुटकेचा श्वास सोडला.

दादानं वजीर मारला आणि मग कपाळाला हात लावून जो बसला तो बसलाच. आपापले डाव संपवून आलेली पोरं भोवती चवड्यांवर उभी राहिली. तिचं एक प्यादं सरकलं, मागून घोडा आला. आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती दोरीला खेटून पुढे झुकली.

दादानं आपला राजा आडवा केला.

"लक्ष नव्हतं ना रे तुझं?" तो बाहेर येताच बाबांनी विचारलं.

"होतं की. घरी ती मुद्दाम हरते, बाबा. आणि हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे."