जावयाची गाडी

“आता बघा हं मामा,” म्हणत हर्षलने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन नुसतंच ओरडलं. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी अडेल बैलासारखी रेंगाळली आणि मागचा भाजीचा टेम्पो हॉर्न मारत पुढे निघून गेला. मग कुठे टर्बोला जाग आली नि गाडी हिसका देऊन धावली. “टेम्पोवालासुद्धा हसून जातो. मांडवात हार घालून दिलेली गाडी आहे ही!”

मागच्या सीटवर त्याचे सासरे, निवृत्ती आबा, अंग चोरून बसले होते. गाडी त्यांनीच घेऊन दिलेली, पण बसले होते असे, की जणू रस्त्यात कुणी दया येऊन उचललंय. गाडी वापरलेली होती, हे खरं. पण जावयाकडची मंडळी लग्नाआधी आबांच्या गावी, देवळ्याला येऊन, चारदा दार उघडून-लावून तिला पसंत करून गेली होती. आणि आता सणाला माहेरी आलेली सायली तिथेच अडकली होती. सासूबाईंचा निरोप होता, आधी गाडी धड करून द्या, मग पोरगी पाठवा. घ्या! पोरगी म्हणजे काय स्टेपनी, गाडीबरोबर यायला?

कुंदन मेकॅनिक पुढे बसून कान देऊन ऐकत होता. इंदिरानगरच्या गॅरेजात परतल्यावर त्याने बॉनेट उघडलं, स्कॅनर लावला, एअर फिल्टर काढून पाहिला.

“टर्बोच गेला असणार,” हर्षल म्हणाला. “इंजिनही बसलं असेल. मी पहिल्यापासून सांगतोय.” आजाऱ्याच्या उशाशी बसून तिरडीचे बांबू निवडणारी माणसं असतात, तसा त्याचा आवाज खुशीत होता. आबांना ते कुठलं कळायला? ते मनातल्या मनात खंडोबाला साकडं घालत होते.

कुंदनने खालून हात घातला. हात तेलाने काळा होऊन बाहेर आला.

“टर्बो ठणठणीत आहे. हा पाइप फाटलाय, खालच्या अंगाने. टर्बोची हवा इंजिनात पोचायच्या आधीच बाहेर पळते. म्हणून उशिरा उचलते.”

“म्हंजे, इंजान?” आबांनी भीत भीत विचारलं.

“इंजिनला काय धाड भरलीय, बाबा? पाइप बदलला की झालं.”

आबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. “सायले, भर बॅग! मिळंल त्या एसटीत बस. पाव्हणं हितंच हायेत, स्टँडवरून घेऊन जातील तुला. लय काय नव्हतं गं गाडीला, लय काय नव्हतं!” पलीकडे पोरगी हसली की रडली, त्यांना समजलं नाही. मग ते स्वतःच रिक्षा करून द्वारका चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. येताना नवा पाइप आणला, वर पेढ्यांचा पुडाही आणला.

पाइप बसला. पुन्हा तोच चढ. हर्षलने पाय नुसता टेकवला, तर गाडी सरसर वर गेली. दोन ट्रक मागे पडले. आबांनी मांडीवर थाप मारली. “आता बोला पाव्हणं! आता बोला!”

गॅरेजात येऊन पाव्हण्यांनी गाडी बंद केली आणि कुंदनला विचारलं, “जुना पाइप फेकला नाहीस ना?”

“तो काय, तिथे पडलाय.”

“परत लाव.”

कुंदन हसला. “फाटका?”

“हो. फाटकाच.”

“चेष्टा करता का गरिबाची?” आबाही हसू लागले.

“चेष्टा कसली, मामा?” हर्षलने पुड्यातला एक पेढा उचलला. “गाडी अशी पळायला लागली, तर आई नव्या गाडीचं कुठल्या तोंडाने बोलेल? रविवारी आमची सगळी मंडळी बसून बघणार आहेत हिच्यात. हा चांगला पाइप तुम्ही घेऊन जा. नव्या गाडीच्या पैशांची जुळणी झाली की कळवा. तोवर सायली आहेच तुमच्याकडे, मजेत.”

तो पाइप घ्यावा आणि याच्या थोबाडावर हाणावा, असं आबांना वाटलं. संताप डोक्यात गेला होता. पण शेवटी पोरीचा बाप; हात उठले ते जोडायलाच. “असं नका करू, पाव्हणं. माझ्या पोरीनं काय घोडं मारलंय तुमचं?”

“गाडी माझ्या नावावर आहे,” हर्षल कुंदनला म्हणाला. “लाव.”

कुंदनने एकवार आबांकडे पाहिलं, मग पाना उचलला. गिऱ्हाइकाची गाडी, गिऱ्हाइकाचा हुकूम.

काम झाल्यावर हर्षलने गाडी सुरू केली, जागेवरच रेस दिली. बॉनेटखालून हवा फुस्स करून निसटली. “हां,” तो समाधानाने म्हणाला, “आता बरोबर.” आणि धूर सोडत निघून गेला.

आबा रस्त्याच्या कडेला उभे होते. काखेत नवाकोरा पाइप. खिशातला फोन वाजला.

“आबा, चांदवड गेलं. यांना सांगा, मला उशीर नाही होणार. आईंसाठी डिंकाचे लाडू घेतलेत, अन् यांचा शर्टही.”

आबांनी पाइप दुसऱ्या काखेत घेतला.

“बाळा, तू वाटेत पिंपळगावला उतर.”

“पिंपळगावला?” एसटीच्या खडखडाटातही तिचा आवाज एकदम उजळला. “अगबाई! तिथवर आलेत का घ्यायला?”