मधलं वर्तुळ

तहसील कचेरीत साहेबांनी संगणकाचा पडदा अंगणवाडीताई मंजुळाकडे वळवला. मधोमध तिच्या नावाचं वर्तुळ होतं आणि पाड्यावरच्या एकेका म्हातारीच्या नावापासून निघालेली रेघ तिच्यापर्यंत आली होती. एवढी माणसं आपल्याला धरून आहेत, हे पाहून तिला क्षणभर बरंच वाटलं.

“इतक्या पेन्शनींना एकच फोन नंबर. एआयनं टोळी पकडली. सूत्रधार तुम्ही.”

“टोळी कसली, साहेब? पाड्यावर फोनच माझा एकटीचा. पैसे आले की मीच घरोघर सांगते.”

“चित्रात नुसती रेघ दिसते,” साहेब नजर चुकवत म्हणाले.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला आणि वाजतच राहिला. एकेका म्हातारीच्या नावानं संदेश येत होता, पेन्शन बंद.

पाड्यावर अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. घरोघर तिलाच सांगायचं होतं.