पडद्याचा टाय

टाय पडद्याला होता. हॉलच्या खिडकीचा जाड पडदा दिवसभर एका बाजूला धरून ठेवायचं काम तो दीड वर्ष इमानेइतबारे करत होता. त्याच्या मालकाला तेवढंही काम नव्हतं.

"तुम्ही चढू नका," बायको स्टुलावर चढत म्हणाली. "आज पडलात तर पंचाईत."

मुलाखत अकराला होती. कंपनी बंद पडल्यावर त्याने बरेच अर्ज केले होते. बोलावणं आलं ते हे पहिलंच. तेही आदल्या संध्याकाळी. तेव्हापासून घर उसवणं चाललं होतं.

पट्टा गादीच्या वळकटीला होता. तो सोडताच गादी उलगडत थेट दारापर्यंत गेली. काळ्या बुटांपैकी एक बाल्कनीच्या दाराशी होता, दुसरा स्वयंपाकघराच्या. ते उचलल्यावर दोन्ही दारं आळीपाळीने आपटू लागली.

बायको मोबाइलवर एका बाईचे व्हिडिओ बघत असे. जुन्या वस्तूंतून बिनखर्चात घर कसं लावावं, सजवावं, वगैरे. त्या बाईच्या घरात जुनं असं काही दिसत नसे. बहुधा तिला ते विकत आणावं लागत असावं. या घरात तो प्रश्न नव्हता. नवऱ्याचं अख्खं ऑफिस पडून होतं.

सोफ्यावरच्या तिन्ही उश्यांचे अभ्रे त्याच्या शर्टांचे होते. बटणांची पट्टी आयती मिळाल्यामुळे चेनचाही खर्च वाचला होता. पहिला शर्ट तिने कापायला घेतला तेव्हा तो याच सोफ्यावर बसला होता. कापताना तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

चौथा शर्ट वाचला, कारण त्याच्या खिशावर शाईचा डाग होता. उशीला तो शोभला नसता.

"डाग दिसतोय का?"

"फाइल छातीशी धरा."

फाइल ठेवायला बॅग हवी होती. बॅग भिंतीवर, खिळ्याला. तिच्यात त्याच्या आईची औषधं असत. बायकोने औषधं पलंगावर ओतली तशी आई उठून बसली.

"अरे, माझी बॅग कुठे नेतोस?"

"मुलाखतीला. आणि बॅग माझी आहे, आई."

"कधीपासून?"

याचं उत्तर द्यायला वेळ नव्हता. टायची गाठ जमत नव्हती. वीस वर्षं रोज सकाळी आपोआप चालणारे हात आता एकमेकांकडे बघत होते. बायको मदतीला आली, पण तिला फक्त पडद्याची गाठ येत होती. शेवटी एकदाची जमली. टायच्या मधोमध मात्र पडद्याची चुणी तशीच राहिली. इस्त्रीलाही तिने दाद दिली नव्हती.

तो निघाला तेव्हा मागे दोन्ही दारं आपटत होती.

संध्याकाळी परतला तेव्हा घर शांत होतं. एवढं शांत की आपण चुकून शेजारी शिरलो की काय, असं त्याला क्षणभर वाटलं.

"झाली?" बायकोने विचारलं.

"झाली."

"काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

ती भांडी पुसत राहिली.

"समोर एक पोरगेला साहेब होता," तो म्हणाला. "त्याने बॅगेवरची चिठ्ठी मोठ्यांदा वाचली. 'जेवणाआधी.'"

चिठ्ठी बायकोच्याच हातची होती. ती काढायची दोघांनाही सुचली नव्हती.

"अगंबाई. मग?"

"मग विचारलं, दुसऱ्या बाजूला 'जेवणानंतर' आहे का?"

"आहे ना," आई पलंगावरून म्हणाली.

"मीही तेच सांगितलं."

"हसले का हो?"

"हसले. चहा दिला. मग कळवतो म्हणाले."



त्याने बूट काढले आणि सवयीने एक बाल्कनीच्या दाराशी न्यायला गेला. तिथे चिंधीत गुंडाळलेली वीट होती. स्वयंपाकघराच्या दाराखाली तुटक्या स्लीपरचा तुकडा खुपसलेला होता. गादीची वळकटी कपडे वाळत घालायच्या दोरीने आवळलेली होती. भिंतीवरचा खिळा मोकळा होता आणि औषधं आईच्या उशाशी, बिस्किटांच्या डब्यात. दिवसभर बायकोने काय केलं, हे त्याला विचारावं लागलं नाही.

दोन्ही बूट हातात घेऊन तो हॉलमध्ये थोडा वेळ उभा राहिला. बसस्थानकात चुकीच्या फलाटावर उतरलेला माणूस उभा राहतो तसा. मग बूट खाली ठेवून तो खिडकीशी गेला. टाय तरी जागच्या जागी गेला असता.

पडद्याला सुतळी होती.

"सुतळी बरी दिसत नाही," तो म्हणाला.

"नसू दे."

"व्हिडिओतली बाई काय म्हणेल?"

"तिला काय जातंय म्हणायला?"

तो सोफ्यावर टेकला. पाठीला बटणं टोचली. उशी बाजूला सरकवून तो टायची गाठ सोडू लागला. सकाळी एवढी हटून बसलेली गाठ आता मुकाट्याने सुटू लागली होती.

बायको हात पुसत बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. या वेळी सरळ त्याच्याकडे बघत होती.

"गाठ सोडू नका," ती म्हणाली. "सैल करून डोक्यावरून काढा, आणि तशीच कपाटात अडकवा."