तळ्यावरचं धुकं

"धुकं आहे अजून," असं म्हणून त्यांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला.

तिने तळ्याकडे पाहिलं. कसलं धुकं आणि कसलं काय! पलीकडचा काठ लख्ख दिसत होता. काठावरच्या उंच झाडाला तांबूस पालवी फुटली होती आणि ती जशीच्या तशी पाण्यात उतरली होती. फांदीवरचा बगळा मान खाजवत होता, तोसुद्धा दिसत होता.

"अहो, नीट बघा की जरा."

"नीटच बघतोय. सगळं पांढरंफटक. आता उद्या बघू." त्यांनी थर्मास पुढे केला. "कॉफी घेतेस? आणि काल तू तुझ्या मावशीचं काहीतरी सांगत होतीस, ते अर्धंच राहिलं."

आयुष्यभर त्यांनी स्टुडिओ चालवला, लोकांच्या लग्नांचे फोटो काढले. मग स्टुडिओ मुलीच्या हवाली केला आणि स्वारी झाडांच्या मागे लागली. झाडं ऐन वेळी डोळे मिटत नाहीत, 'माझं नाक मोठं आलं' म्हणून भांडायलाही येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तिला या खुळात काडीचा रस नव्हता. कडाक्याच्या थंडीत एका झाडाची मनधरणी करत उभं राहणं हे काही शहाण्या माणसाचं काम नव्हे, असं ती त्यांच्यादेखत पाहुण्यांना सांगायची.

पण या हिवाळ्यात ते दवाने ओल्या झालेल्या गवतावरून घसरले आणि मनगट दुखावून बसले. ट्रायपॉड उचलेना. थंडी सरतानाची पहिली पालवी, तिच्यावर कोवळं ऊन आणि खाली स्थिर पाणी, एवढा एक फोटो त्यांना हवाच होता. त्यासाठी त्यांचं तोंड इतकं बारीक झालं की शेवटी तिनेच ट्रायपॉड खांद्यावर घेतला.

"तेवढा एक फोटो होईपर्यंत येईन," तिने बजावलं. "मग मी आणि माझं पांघरूण. परत हाक मारायची नाही."

सुरुवातीला खरंच धुकं होतं. मग पालवी फुटली, ऊन आलं, धुकं गेलं. त्यांच्यापुरतं मात्र ते जाईना. तिला आधी वाटलं, नेहमीचे नखरे. एके दिवशी तिने कॅमेरा हातात घेऊन मागचा पडदा पाहिला. पान न् पान मोजून घ्यावं इतकं स्वच्छ आलं होतं.

"अहो, हा बघा ना, किती सुरेख आलाय!"

त्यांनी डोळे बारीक केले. पडदा जवळ धरला, लांब धरला. "कुठे? मला तर दुधात बुडवल्यासारखं दिसतंय."

तिने कॅमेरा त्यांच्या हातून काढून घेतला. तिच्या थोरल्या दिरांचं असंच सुरू झालं होतं. आधी धुरकट, मग अंधार. वेळेवर दाखवलं नाही, आणि शेवटी त्यांना घरातला जिनाही चाचपत उतरावा लागला. आणि या माणसाचा तर सगळा जीवच डोळ्यांत!

त्या दिवसापासून तिची थट्टा बंद झाली. तळ्याकडे जाताना ती त्यांचा हात धरू लागली. "खड्डा आहे, जपून. इथे मूळ आलंय, पाय उचला." एरवी रस्ता ओलांडतानाही हात सोडवून घेणारा माणूस, पण आता अगदी निमूट चालायचा. बिचारे घाबरलेत, तिला वाटलं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून ती रडून घ्यायची.

डॉक्टरांचं नाव काढलं की ते उसळायचे. "माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही." अखेर तिने एक दिवस जेवणच टाकलं. तेव्हा कुठे ते निघाले.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी यंत्रातून दोन्ही डोळे तपासले आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. "दिसेल तेवढं वाचा, काका."

त्यांनी सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचलं. दुसऱ्या ओळीवर अडखळले. "पुढचं... पुढचं धूसर आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीत ती इतका वेळ ताठ बसली होती. आता मात्र तिचा धीर सुटला. तिने रुमाल तोंडावर दाबला, तरी हुंदका बाहेर पडलाच.

त्यांनी वळून पाहिलं. तिला असं रडताना त्यांनी बहुधा मुलीच्या पाठवणीनंतर पाहिलं नव्हतं. ते गडबडीने तक्त्याकडे वळले आणि एका दमात खालपर्यंत वाचत गेले. शेवटची ओळ वाचली. तिच्याही खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

डॉक्टर हसायलाच लागले. "काकू, पुसा डोळे. ते नाव मला चष्मा लावूनही वाचता येत नाही. यांची नजर ठणठणीत आहे."

दवाखान्याच्या पायऱ्या ती ताडताड उतरली. खाली येऊन गर्रकन वळली.

"लाज नाही वाटत? इतके दिवस माझा जीव टांगणीला लावलात! आणि तो मेला फोटो?"

"तो कधीच झाला. पालवी फुटली त्याच आठवड्यात."

"मग बोलला का नाहीत?"

लग्नाच्या मांडवात परक्या नवराबायकोला खुशाल 'अजून जवळ सरका, लाजताय काय' म्हणणारा हा माणूस आता स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बोललो असतो तर तू यायची थांबली असतीस," ते म्हणाले. "आणि मला आता एकट्याने जायला नाही गं आवडत."